न गायलेली चार कडवी : ‘जन गण मन’चा जन्म आणि अर्थ



दर वर्षी ऑगस्टचा पहिला आठवडा लागला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. ‘जन गण मन’ हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांनी पाचव्या जॉर्ज बादशहाच्या स्वागतासाठी लिहिले, त्यातला भाग्यविधाता म्हणजे तो इंग्रज राजा, आणि आपण आजवर त्याचीच आरती म्हणत आलो, असा त्याचा सारांश. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि माझा विषय मापन व नियंत्रण हा आहे. तरीही या गीतावर टिपण लिहायला बसलो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात ही गोष्ट मीच मुलांना सांगितली होती, तीही ‘हे तुम्हाला दुसरे कुणी सांगणार नाही’ अशा थाटात. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. ती जमशेदपूरला वाढलेली, घरी बंगाली बोलणारी. तिने एवढेच विचारले, “सर, बाकीची कडवी तुम्ही वाचली आहेत का?”

मी वाचली नव्हती. या गीताला आणखी चार कडवी आहेत हेसुद्धा मला धड ठाऊक नव्हते. पुढचे टिपण म्हणजे तिला त्या दिवशी न देता आलेले उत्तर आहे.

२७ डिसेंबर १९११

आधी घटनाक्रम पाहू, कारण अफवेचे मूळ त्यातच आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने दोन मोठ्या घोषणा केल्या. एक, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची. दुसरी, १९०५ साली झालेली बंगालची फाळणी रद्द करण्याची. फाळणीविरुद्ध सहा वर्षे झगडलेल्या बंगालला दुसरी घोषणा विजयासारखी वाटली. त्याच महिन्याच्या अखेरीस कलकत्त्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते बिशन नारायण दर. त्या काळची काँग्रेस आजच्या वाचकाच्या मनातल्या काँग्रेसहून पुष्कळ मवाळ होती. फाळणी रद्द केल्याबद्दल बादशहाचे आभार मानणारा ठराव करण्यात तिला संकोच वाटला नाही.

अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, कामकाजाच्या आरंभी रवींद्रनाथांचे हे बंगाली गीत गायले गेले. त्यानंतर बादशहाविषयी निष्ठा व्यक्त करणारा ठराव झाला. आणि ठरावानंतर मुलामुलींच्या एका गटाने बादशहाच्या गौरवाचे गीत म्हटले. ते गीत हिंदी होते, रामभुज चौधरी यांचे. म्हणजे राजाचे स्वागतगीत त्या दिवशी खरोखरच झाले होते; फक्त ते हे नव्हते.

दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे पाहिली तर घोटाळा कसा झाला ते समजते. ‘अमृत बझार पत्रिका’ आणि ‘द बेंगॉली’ या भारतीय पत्रांनी क्रम बरोबर दिला : आधी बंगाली गीत, मग ठराव, मग राजाचे स्वागतगीत. ‘द स्टेट्समन’ आणि ‘द इंग्लिशमन’ या इंग्रजी मालकीच्या पत्रांनी मात्र ठाकुरांनी बादशहाच्या स्वागतासाठी खास रचलेले गीत झाले, असे छापले. एका मंडपात दोन गीते, दोन भाषा, आणि एकही भाषा न जाणणारा वार्ताहर. कवी प्रसिद्ध, म्हणून गीत त्याचे. ठराव राजाचा, म्हणून गीतही राजाचे. यात कट असेल असे मला वाटत नाही. साधा आळस पुरेसा आहे. पण शंभर वर्षे टिकणारी अफवा तयार व्हायला तेवढा आळस पुरतो, आणि माझ्या भाषणामागेही तोच होता.

आणखी एक गोष्ट : बादशहा त्या मंडपात नव्हताच. तो कलकत्त्यात पोचला ३० डिसेंबरला.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१२मध्ये, हे गीत ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ‘भारत-भाग्य-विधाता’ या शीर्षकाने छापले गेले. ही पत्रिका ब्राह्मो समाजाची, आणि तिने गीताला नाव दिले ब्रह्मसंगीत, म्हणजे उपासनेचे गीत. त्याच महिन्यात ब्राह्मो समाजाच्या माघोत्सवात ते गायलेही गेले. राजाची स्तुती केलेले गीत महिन्याभरात निराकार ब्रह्माच्या उपासनेत म्हणायला देणारा माणूस एक तर फार लबाड असला पाहिजे किंवा फार विसरभोळा. रवींद्रनाथ दोन्ही नव्हते.

कवीचे स्वतःचे म्हणणे काय? १० नोव्हेंबर १९३७ रोजी पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खुलासा केला आहे. सरकारी सेवेतल्या एका बड्या मित्राने राजाच्या गौरवाचे गीत लिहायची विनंती केली, तिने आपण चकित झालो, मनात मोठी खळबळ उडाली, आणि तिच्या प्रतिक्रियेतून युगानुयुगे भारताचा रथ हाकणाऱ्या त्या भाग्यविधात्याचा जयघोष आपण केला, असा त्याचा आशय आहे. तो विधाता पाचवा, सहावा किंवा कुठलाच जॉर्ज असू शकत नाही आणि हे त्या मित्रालाही कळले होते, असे ते पुढे म्हणतात. १९३९च्या एका पत्रात तर आपल्याला इतके मूर्ख समजणाऱ्यांना उत्तर देणे हाच स्वतःचा अपमान ठरेल, या अर्थाचे लिहून त्यांनी विषय मिटवला.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, अफवेत एक कण खरा आहे. विनंती झाली होती. राजाच्या दौऱ्याशी या गीताचा संबंध आहे, तो नकाराचा संबंध आहे. ‘काहीच संबंध नाही’ असे ठणकावून सांगणारे चाहतेही अर्धेच सांगतात. दोन, हा खुलासा घटनेनंतर २६ वर्षांनी आला. मापनशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला उशिराच्या नोंदीवर फार विसंबायला आवडत नाही. कवीला आपले गीत नंतर कसे दिसावेसे वाटले, हा त्या पत्राचा विषय असू शकतो. म्हणून पत्र थोडे बाजूला ठेवू आणि गीताकडेच वळू.

यादी कशाची आहे?

आपण गातो ते पहिले कडवे. त्यात प्रदेशांची, पर्वतांची आणि नद्यांची नावे ओळीने येतात. शाळेत आम्ही ती पाढ्यासारखी पाठ केली. देशभरातले विद्यार्थी या यादीवर नेहमी एकच तक्रार करतात : आमचे नाव का नाही? आसामच्या मुलाला, काश्मीरच्या मुलीला ती तक्रार करण्याचा हक्क आहेच. पण यादी १९११ची आहे हे ध्यानात ठेवून आधी उलट प्रश्न विचारून पाहा : त्या वेळच्या नकाशावरची कुठली नावे यात नाहीत?

मुंबई इलाखा नाही. मद्रास इलाखा नाही. संयुक्त प्रांत नाही, मध्य प्रांत नाही. इंग्रजी राज्यकारभाराचे जवळजवळ सगळे मोठे घटक गायब आहेत. त्यांच्या जागी सिंध, गुजरात आणि मराठा ही तीन वेगवेगळी नावे आहेत, आणि ती तिन्ही त्या काळी एकाच मुंबई इलाख्यात होती. दक्षिणेसाठी द्राविड हे नाव आहे. तशा नावाचा प्रांत सरकारदरबारी नव्हता. उत्कल तर तेव्हा बंगाल इलाख्याचा भाग होता, तरी कवी त्याला बंगालपासून वेगळा उच्चारतो. पंजाब, बंगाल अशी काही सोडली तर ही नावे कलेक्टरच्या दप्तरातली नाहीत. ती माणसांच्या बोलण्यातली, भाषांची आणि लोकसमूहांची नावे आहेत. राजाला त्याचे साम्राज्य मोजून दाखवायचे असते तर कवीने त्याच्या नकाशावरची नावे घेतली असती. इथे त्याच भूमीचा दुसरा नकाशा काढला आहे, आणि भाषावार प्रांतरचना व्हायला अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षे अवकाश होता.

मराठी वाचकासाठी एक सूचना : यातला ‘मराठा’ हा शब्द जातिवाचक नाही. मराठी बोलणारा मुलूख आणि त्यातले लोक, असा जुना व्यापक अर्थ इथे आहे. तसेच ‘हिमाचल’ म्हणजे हिमालय पर्वत. हिमाचल प्रदेश हे राज्य १९७१चे. दर वर्षी एक तरी विद्यार्थी या ठिकाणी अडखळतो.

व्याकरणाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. गीताची भाषा संस्कृतप्रचुर बंगाली आहे, त्यामुळे देशातल्या बहुतेकांना शब्द ओळखीचे वाटतात आणि वाक्य कुणीच लावून पाहत नाही. नावांची ती यादी हा एका वाक्याचा कर्ता आहे. क्रियापद यादी संपल्यावर येते आणि त्याचा अर्थ ‘जागे होतात’ असा आहे. प्रदेश, डोंगर, नद्या, समुद्राच्या लाटा, हे सगळे त्या विधात्याच्या नावाने जागे होतात, त्याचा आशीर्वाद मागतात, त्याच्या विजयाचे गाणे गातात. आपण मात्र यादी एका दमात म्हणतो, श्वास घेतो आणि पुढच्या ओळीला नवे वाक्य समजतो. त्यामुळे भूगोल राहतो आणि जाग निघून जाते.

फेब्रुवारी १९१९मध्ये मदनपल्ली येथील थिऑसॉफिकल कॉलेजात रवींद्रनाथांनी या गीताचा इंग्रजी अनुवाद स्वतः केला आणि मार्गारेट कझिन्स यांच्या मदतीने तिथे त्याची स्वरलिपीही तयार झाली. तो अनुवाद ‘मॉर्निंग साँग ऑफ इंडिया’ या नावाने ओळखला जातो. भारताचे सकाळचे गाणे! हे नाव पहिल्या कडव्यापुरते जरा विचित्र वाटते. पाच कडवी वाचली की दुसरे कुठले नाव शोभले नसते असे वाटते.

सिंहासन, सारथी, आई

आता न गायलेल्या कडव्यांकडे येऊ. दुसऱ्या कडव्यात विधात्याची हाक अहोरात्र ऐकू येते. हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशी दुसरी एक यादी येते. पूर्व आणि पश्चिम त्याच्या सिंहासनाजवळ येतात आणि प्रेमाचा हार गुंफला जातो.

सिंहासन! संशयी वाचक इथे टुणकन उडी मारील आणि त्याने मारावीच. पाचव्या कडव्यात ‘राजेश्वर’ असे संबोधनही आहे. अफवा पसरवणाऱ्यांनी पूर्ण गीत वाचले असते तर त्यांना आपल्या बाजूचा पुरावा अजून मिळाला असता. म्हणून ‘गीत पूर्ण वाचा म्हणजे शंका फिटेल’ एवढे सांगून टीकाकाराचे काम भागत नाही. भारतीय भक्तिपरंपरेत देवाला राजा म्हणण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे पंढरीचा राणा आहे, अयोध्येचा राजा आहे. पण रीत आहे म्हणून या गीतात तीच आहे असे सिद्ध होत नाही. शब्द दोन्हीकडे झुकतात, आणि निकाल लागतो तिसऱ्या व चौथ्या कडव्यात.

तिसऱ्यात रस्ता आहे. उताराचा आणि चढाचा, खडतर, युगानुयुगे त्यावर वाटसरू चाललेले. आणि ज्याला आत्तापर्यंत राजाची भाषा लावली तो इथे रथात मागे बसलेला नाही, तो सारथी आहे. रथाच्या चाकांचा आवाज रात्रंदिवस घुमतो आहे. भयंकर उलथापालथीत त्याचा शंख वाजतो. सारथी आणि शंख एकत्र आले की भारतीय वाचकाला कुरुक्षेत्र आठवते. कवीने नाव घेतलेले नाही, घ्यायची गरजही नाही. राजा रथात बसतो, सारथ्याला हुकूम देतो. इथे उलट आहे. शिवाय काळाचे मोजमाप पाहा : युगानुयुगे. पाचवा जॉर्ज त्या वर्षी ४६ वर्षांचा होता आणि गादीवर येऊन त्याला दोन वर्षेही झाली नव्हती.

चौथे कडवे या गीताचा गाभा आहे असे माझे मत आहे. दाट काळोखी रात्र, आजारी आणि मूर्च्छित पडलेला देश, आणि उशाशी जागणारे कुणीतरी. डोळे खाली झुकलेले, पापणी न लवलेली. वाईट स्वप्नांत, भीतीत ते कुणीतरी देशाला मांडीवर घेऊन जपते. आणि त्याला कवी म्हणतो, माता. स्नेहाने भरलेली आई.

पहिल्या कडव्यातला अधिनायक, दुसऱ्यातला सिंहासनस्थ, तिसऱ्यातला सारथी, आणि आता तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून रात्र काढणारी बाई. ज्या कवीला राजाची खुशामत करायची आहे तो राजाला आई कशाला करील? खुशामतीला लिंगबदल परवडत नाही. पाचव्या कडव्यात रात्र संपते. पूर्वेच्या डोंगरावर सूर्य येतो, पक्षी गातात आणि निजलेला भारत जागा होतो. पहिल्या कडव्यातले ‘जागे होतात’ हे क्रियापद इथे पुरे होते. पाच कडव्यांची ही रचना हाक, वाट, रात्र, पहाट अशी चालत जाते. आपण गातो ते तिचे फक्त तोंड.

‘गीतवितान’ या रवींद्रनाथांच्या गीतसंग्रहात हे गीत ‘स्वदेश’ विभागात आहे, तर पहिल्या छपाईत ते ब्रह्मसंगीत होते. उपासनेचे गीत आणि देशाचे गीत यांच्यामध्ये ते पहिल्यापासूनच उभे आहे. ज्याची प्रार्थना केली त्याचे नाव कुठेच नाही. विष्णू नाही, अल्ला नाही, भारतमाता हा शब्दसुद्धा नाही. नाव न घेण्याचा हा संयम दुसऱ्या कडव्यातल्या सात धर्मांच्या यादीमुळे आवश्यक झाला आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागली : रिकाम्या जागेत कुणीही कुणालाही बसवू शकतो. इंग्रज वार्ताहराने तेच केले.

बावन्न सेकंद

२४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत निवेदन करून ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान दिला. त्याआधी ऑगस्ट १९४८मध्ये नेहरूंनी या निवडीची बाजू मांडली होती. तिच्यात चालीचा मुद्दा मोठा होता : परदेशात वाद्यवृंदाला वाजवता येईल, तिथल्या लोकांच्या लक्षात राहील अशी चाल. ‘वंदे मातरम्’ला तशी चाल देता येते हे दाखवायला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर पुण्याहून दिल्लीपर्यंत धडपडले होते. त्या प्रकरणावर वेगळे टिपण लिहावे लागेल. इथे मुद्दा एवढाच की कडवी निवडताना वेळ आणि चाल यांचा विचार झाला. अधिकृत गायनाची वेळ सुमारे ५२ सेकंद.

‘वंदे मातरम्’चीही काटछाट झालीच होती. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी स्वीकारली, कारण पुढच्या कडव्यांत देवीची नावे येतात आणि मुसलमानांना ती म्हणणे अवघड जाते. सल्ला देणाऱ्यांत खुद्द रवींद्रनाथ होते. दोन्ही काटछाटी शेजारी ठेवून पाहा. तिथे वादाची कडवी गळली. इथे वाद मिटवणारी कडवी गळली. दोन्ही वेळा व्यवहार बरोबरच होता. समारंभात पाच कडव्यांपर्यंत सावधान उभे राहणे माझ्याच्याने होणार नाही. पण दुसऱ्या काटछाटीत काय हरवले, हे आपण कधी मोजले नाही.

ते एका हिंदी कवीने मोजले. रघुवीर सहाय यांच्या ‘अधिनायक’ या कवितेत फाटक्या कपड्यातला एक गरीब शाळकरी मुलगा राष्ट्रगीत गातो, आणि कवी विचारतो की तो ज्याचे गुण गातो आहे तो हा अधिनायक आहे तरी कोण? मखमल, छत्र, तोफांची सलामी यांत वावरणारा हा कोण? हिंदीत अधिनायकवाद म्हणजे हुकूमशाही, त्यामुळे शब्दाला आणखी धार येते. हा प्रश्न मोबाइलवरच्या मजकुरापेक्षा कितीतरी गंभीर आहे. सहायांना १९११शी देणेघेणे नाही. स्वतंत्र भारतात त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसले आहे, हे त्यांना पाहायचे आहे. जे कडवे गायले जाते तेवढ्यावरून पाहिले तर त्यांच्या प्रश्नाला गीताकडे उत्तर नाही. उत्तर चौथ्या कडव्यात आहे, आणि तो मुलगा ते कधी ऐकत नाही. त्या मुलाला त्याच्या राष्ट्रगीतातला राजा भेटतो. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली आई भेटत नाही.

मला रवींद्रनाथांइतकेच सहाय पटतात, हे कबूल करतो. कवीने निरखून लिहिलेले गीत आणि शाळेच्या पटांगणात सकाळी म्हटले जाणारे गीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीचा अर्थ कवीचे शब्द ठरवतात. दुसरीचा अर्थ म्हणणाराच्या पोटात काय आहे आणि पुढे खुर्चीवर कोण बसले आहे, यावरूनही ठरतो.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या आठवड्यात शोधून काढले आणि तिच्याकडून पूर्ण गीत देवनागरीत उतरवून घेतले. तिने चौथे कडवे वाचून दाखवले तेव्हा बंगाली उच्चारांमुळे मला निम्मे शब्द कळले नाहीत. ‘माता’ तेवढा कळला. पुढच्या २६ जानेवारीला मी उभा राहिलो, आदल्या वर्षी सांगितले ते चुकीचे होते असे सांगितले आणि तेच कडवे अर्थासह वाचले. त्या वेळी टाळ्या कमी पडल्या.

तुमच्यासाठी काम असे : ‘गीतवितान’मधून पाचही कडवी मिळवा. लिपी येत नसेल तर वर्गातल्या बंगाली जाणणाऱ्या मित्राला विचारा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि समोर लिहा, ही क्रिया कोण करतो : देश की विधाता? मग दोन्हींचे कडव्यागणिक मोजमाप करा. चौथ्या कडव्यापाशी देशाच्या रकान्यात काय उरते ते पाहा.